वडील-हयात: हो किंवा नाही

माझ्या धाकट्या भावाचं भिंगारच्या जुन्या बाजारात लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे, आणि मी घरी बसून पुण्याच्या एका प्रकाशकासाठी गणिताची पुस्तकं जुळवते. जुळवते म्हणजे पानावरची अक्षरं, आकडे, अपूर्णांक जिथल्या तिथे बसवून देते. हे काम मी लाटेक नावाच्या प्रणालीत करते. तिच्यात माउसने इकडचं उचलून तिकडे ठेवायचं नसतं. काय हवं ते शब्दांत लिहायचं, मग ती स्वतः पान मांडून देते. भावाला हे कधी पटलं नाही. "एवढं लिहीत बसण्यापेक्षा ओढून ठेवलं की झालं," असं तो म्हणायचा, आणि मी त्याच्या पत्रिकांतल्या वाकड्या ओळी बोटाने दाखवायचे. एकमेकांच्या चुका काढल्याशिवाय आम्हा दोघांना जेवण पचत नाही.

त्याची पद्धत सगळ्याच पत्रिकावाल्यांची असते तशी होती. नवं गिऱ्हाईक आलं की मागच्या गिऱ्हाइकाची पत्रिका उघडायची, जुनी नावं पुसायची आणि त्यांच्या जागी नवी टाकायची. नावं पुसली जायची, पण नावाआधीचं 'कै.' कधीकधी तसंच राहायचं. असंच एकदा एका चांगल्या ठणठणीत आजोबांच्या नावाआधी दुसऱ्याच्या घरातलं 'कै.' चिकटलं. छापून झालं, निम्म्या गावाला वाटूनही झालं. मग आजोबा स्वतः काठी टेकत दुकानात आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दहावा कवा घातला माझा? मला बी बोलवायचं हुतं की जेवायला." भावाने त्यांचे पाय धरले, चहा पाजला, सगळ्या पत्रिका नव्याने छापून दिल्या आणि संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला. "ताई, तुझं ते लिहायचं काहीतरी मला करून दे."

मी खूश झाले. मला कोणाची चूक सुधारायला मिळाली की अंगात बळ येतं, हे माझ्या घरचे लोक काही कौतुकाने सांगत नाहीत.

मी लग्नपत्रिकेसाठी एक छोटं पॅकेज, म्हणजे लाटेकला एकदाच देऊन ठेवायच्या सूचनांचा संच, लिहायला घेतलं. भावाने फक्त पर्याय भरायचे: डावीकडे पर्यायाचं नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत. काही किमती मजकुराच्या होत्या, जसं मुहूर्त, स्थळ, वधूचं नाव. त्यांत अडचण नव्हती. अडचण हो-नाहीच्या पर्यायांची निघाली. वर गणपती हवा का? आहेर घेणार का? भाच्या-पुतण्यांची 'चिमुकली किलबिल' खाली टाकायची का? दिसायला हे सगळ्यांत सोपं. हो म्हणा किंवा नाही म्हणा, त्याप्रमाणे कागदावर उमटेल. मलाही ते दुपारच्या चहाआधी उरकायचं काम वाटलं होतं.

'कृपया आहेर आणू नये' या ओळीसाठी मी 'आहेर-नको' असा पर्याय केला होता. पहिल्याच आठवड्यात भावाचा फोन. "ताई, 'आहेर-नको = नाही' असं लिहिलं तर आहेर घ्यायचा का परत पाठवायचा?" मी म्हटलं, घ्यायचा. तो म्हणाला, "मग सरळ बोलायला काय होतं तुझ्या पॅकेजला?" त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी नाव बदलून 'आहेर-स्वीकार' केलं आणि स्वतःला नियम घालून घेतला की हो-नाहीच्या पर्यायाचं नाव कायम होकारात ठेवायचं.

मग नुसत्या नावाचा प्रश्न. भाऊ घाईत 'किलबिल' एवढंच लिहून मोकळा व्हायचा, पुढे बरोबरचं चिन्ह नाही आणि किंमतही नाही. मी ठरवलं, नाव घेतलं म्हणजे हवंच आहे, तेव्हा त्याचा अर्थ हो. आणि नावच घेतलं नाही तर? त्या वेळी काय धरायचं ते आपण आधीच ठरवून ठेवावं लागतं. भाऊ म्हणे, दोन्ही एकच. मी त्याला पाहुण्याचं उदाहरण दिलं. पाहुणा नुसतं "चहा" म्हणाला तर आधण ठेवायचं, यात काही प्रश्न नाही. पण तो काहीच बोलला नाही, तर त्या घरची रीत काय आहे ते बघायचं. आपल्या घरी न बोलणाऱ्यालाही चहा मिळतो, तुझ्या सासुरवाडीला मागितला तरी मिळत नाही. हे त्याला लगेच समजलं.

'कै.' साठी मी 'वडील-हयात' हा पर्याय केला. त्यावर मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त विचार केला, कारण आजोबांची काठी डोळ्यांसमोर होती. कोणी काही लिहिलं नाही तर किंमत 'हो' धरायची, म्हणजे मुद्दाम सांगितल्याशिवाय हे पॅकेज कोणाला मारणार नाही. हयात असतील तर वडिलांच्या नावाआधी 'श्री.' आणि आईच्या नावाआधी 'सौ.' यायचं. नसतील तर 'कै.' आणि 'गं. भा.'. एका किमतीवर दोन्ही नावं. पत्रिकेची रीतच तशी आहे, आईचं वेगळं विचारायची गरज कोणाला पडत नाही. भाऊ म्हणाला, "हे मात्र झकास केलंस." मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

शेवटचा नियम मी कडक ठेवला. हो किंवा नाही, याखेरीज काहीही लिहिलं तर पॅकेज जागच्या जागी थांबणार आणि पडद्यावर लाल अक्षरांत सांगणार: 'इथे हो किंवा नाही एवढंच चालतं.' भाऊ 'होय' लिहायचा, 'व्हय' लिहायचा, एकदा वैतागून 'हो गं बाई' लिहिलं. दर वेळी पॅकेज थांबलं आणि दर वेळी त्याने मला शिव्या घातल्या. मी काही सैल सोडलं नाही. एकदा सैल सोडलं की 'चालतंय की' सुरू होतं, आणि 'चालतंय की' या दोन शब्दांनी आपल्या नगर जिल्ह्याचं किती नुकसान केलंय ते मी वेगळं सांगायला नको.

पुढे काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग ऐन लग्नसराईत एका दुपारी भावाने मला मोबाईलवर पडद्याचा फोटो पाठवला. तेच लाल वाक्य. त्याच्या वर त्याने भरलेली ओळ दिसत होती: वडील-हयात = माहीत नाही.

माझं टाळकं सरकलं. पदर खोचून, म्हणजे खरं तर ओढणी, मी तशीच दुकानात गेले. आता याला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर झापायचं, असं वाटेने ठरवलं होतं.

दुकानात एक बाई बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना चेहऱ्याने ओळखत होते. कॅम्पाकडच्या शिंप्याच्या दुकानात त्या लष्करी कपड्यांवर बिल्ले आणि नावाच्या पट्ट्या शिवतात. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले लोकही तिथेच कपडे टाकतात. त्यांच्या शेजारी पांढरी टोपी घातलेला एक माणूस होता, तो त्यांचा दीर, मिरजगावाहून आलेला. बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. भावाने मला खुर्ची दिली आणि इतक्या हळू आवाजात सगळं सांगितलं की माझी झापायची तयारी तिथेच गळाली.

बाईंचा नवरा लिंबांचा टेम्पो चालवायचा. मुलगी शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एक दिवस माल घेऊन निघाला. टेम्पो रस्त्याकडेच्या एका ढाब्यासमोर सापडला, चावी आत, लिंबं जशीच्या तशी. माणूस नव्हता. अपघात नाही, भांडण नाही, कुठे कपडा नाही की चप्पल नाही. पोलिसांत तक्रार झाली, फोटो लागले, देवाला कौल लावून झाले. मग बाई मुलीला घेऊन भिंगारला आल्या आणि शिवणकामाला लागल्या. तेव्हाची ती मुलगी आता लग्नाची झाली होती, पण या सगळ्या वर्षांत त्यांच्या कपाळावरचं कुंकू एक दिवसही उतरलं नव्हतं.

"ह्यांनी इचारलं, वडील हायेत का," बाई मला म्हणाल्या. "मी खरं ते सांगितलं. माहीत न्हाई म्हनलं."

भावाने जे ऐकलं तेच इमानदारीने लिहिलं होतं. आणि माझं पॅकेज अडून बसलं होतं.

दीर वाईट माणूस नव्हता. तो शांतपणे बोलत होता, हातातली पिशवी एकसारखी घडी घालत आणि उलगडत. "बाई, तुमी शिकल्याल्या हाय, तुमीच सांगा वैनीला. श्री लावलं तर मांडवात समदी इचारत्याल, नवरीचा बाप कुठं हाय? कन्यादानाला मी बसनार, तवा तर इचारत्यालच. मंग काय सांगायचं? लिंबाच्या टेम्पोपासनं सुरू करायचं का? कै. लावलं की मिटलं. मानूस हळहळतो आन् जेवायला बसतो."

"त्यांना मेल्यालं कुनी बघितलं?" बाई म्हणाल्या. "तुमी बघितलं का, भावजी? मी तर न्हाई बघितलं."

"वकील म्हनला हुता, एवढ्या वर्सांनी कोर्टातनं मयताचा कागद मिळतो."

"मंग आना की कागद. मी न्हाई गेले आन् जानार बी न्हाई."

बाई माझ्याकडे वळल्या. "ताई, गं. भा. लावलं तर माझ्या जावा मला हळदीला हात लावू देनार न्हाईत. आज काय बोलत न्हाईत, कारन त्यांला बी माहीत न्हाई. पर कारडावर आलं की झालं. मंग पोरीला हळद कोन लावनार? मी कोपऱ्यात बसून बघू का?"

एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांना कोर्ट नको होतं, कोणाची सहानुभूती नको होती. त्यांना स्वतःच्या हाताने मुलीला हळद लावायची होती, आणि ते त्या ओळीवर अडलं होतं जी मी माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून, शेंगा सोलता सोलता ठरवली होती.

मी म्हटलं, थांबा, यात काय आहे, आपण तिसरी किंमत करू. मी भावाला उठवून संगणकासमोर बसले. हो-नाहीचा पर्याय काढून टाकून त्या जागी तीन किमतींचा पर्याय टाकायला फार लिहावं लागत नाही. हो, नाही आणि अज्ञात. हात सरसर चालत होते. दीर कौतुकाने पाहत होता, भाऊ तर असा उभा होता की जणू त्यानेच मला शिकवलंय. हो असेल तर श्री. आणि सौ. नाही असेल तर कै. आणि गं. भा. अज्ञात असेल तर

तिथे माझा हात थांबला. पुढे काय छापायचं ते लिहायचं होतं, आणि लिहायला मला काहीच सापडेना. मी उगाच ओळी पुढेमागे सरकवत राहिले. प्रणालीला तिसरी किंमत शिकवणं सोपं होतं. ती कुठलीही किंमत घेते, तिला काय. पण त्या किमतीला उमटायला कागदावर शब्द लागतो, आणि तसा शब्द आपल्याकडे नाहीच. जो आहे की नाही हे माहीत नाही, त्याच्या नावाआधी काय लावायचं, आणि त्याची वाट पाहणाऱ्या बाईच्या नावाआधी काय, हे कोणी ठरवूनच ठेवलेलं नाही. मला तिथे बसल्या बसल्या रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी भावावर खेकसले की पंखा का बंद आहे.

मग मी एकेक करून पाहिलं. आधी काहीच न लावता नुसती दोन नावं छापली. दिराने कागद हातात घेतला आणि लगेच परत दिला. "हे शिवी दिल्यावानी दिसतंय. नवरदेवाच्या बापाला श्री आन् आमच्याला उघडं?" मी म्हटलं, मग सगळ्यांचंच काढू, दोन्ही घरांचं. भावाने मला पायाने ढोसलं. नवरदेवाच्या वडिलांचं श्री. काढलेली पत्रिका त्या घरी गेली असती, तर लग्न राहिलं बाजूला, भांडणच लागलं असतं. मग बाईंच्या नावाआधी 'श्रीमती' करून पाहिलं. बाई कागदाकडे बघून म्हणाल्या, "ताई, शिरीमती कुनाला लावत्यात ते मला बी ठावं हाय." शेवटी मी भीत भीत विचारलं, वडिलांचं नाव न घालता फक्त आईचं घातलं तर? आजकाल घालतात.

"त्यांचं नावच काढायचं?" बाईंनी विचारलं. "पोर तर त्यांचीच हाय ना?"

माझ्याकडचं सगळं संपलं. एवढी वर्षं मी पानं जुळवतेय, पानावर जे मांडता येत नाही असं काही नाही, अशी माझी समजूत होती. अपूर्णांकाच्या आत अपूर्णांक, त्याच्या आत वर्गमूळ, सगळं मांडून दिलंय. इथे एक-दोन अक्षरांची जागा होती आणि मला ती भरता येत नव्हती. रिकामी सोडायचीही सोय नव्हती.

तेवढ्यात दिराचा मोबाईल वाजला. नवरदेवाकडचे होते, पत्रिका कधी मिळणार विचारत होते, त्यांचे पाहुणे लांबलांबचे होते. "आज देतो, आजच देतो," असं तो म्हणत राहिला आणि बाईंकडे बघत राहिला. फोन ठेवल्यावर बाईंनी त्याला विचारलं, "भावजी, कै. लावलं, आन् तरीबी मी हळद लावली, तर चालंल का? तुमी सांगताल का घरात?"

दिराने टोपी काढून मांडीवर ठेवली. "वैनी, बायकांचं हाय ते. मी कुनाकुनाला सांगू?"

"आन् श्री लावलं तर दिसभर पोरीला इचारत्याल."

"व्हय. पोरीलाच इचारत्याल. मला इचारलं तर मी देईन उत्तर, पर नवरीलाच इचारत्यात समदी."

दुकानाबाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं, ते सगळं ऐकू येत होतं. माझ्या मनात आलं की यांनी श्री. म्हणावं, हट्टाने म्हणावं, आणि मी ते ठळक छापून द्यावं. पण उत्तर देत फिरायची पाळी माझ्या मुलीवर थोडीच येणार होती. मला मत द्यायचा काही अधिकार नव्हता, आणि असता तरी काय मत द्यायचं हे मला माहीत नव्हतं.

"न्हाई लिवा," बाई म्हणाल्या.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मावशी, नक्की?" भावाने विचारलं.

"लिवा म्हनलं ना. तिच्या लग्नाच्या दिशी तिला कुनी काय इचारायचं न्हाई. तिनं हसत जायचं. लिवा, न्हाई."

मी लिहिलं. एक शब्द, आणि पॅकेज विनातक्रार चालू झालं. लाल अक्षरं गेली, पान तयार. वडिलांच्या आधी कै., आईच्या आधी गं. भा., दोन्ही ओळी केसाएवढ्याही वाकड्या नाहीत. दिराने प्रूफ वाचलं, मुहूर्ताची वेळ तपासली, सही केली आणि चहा सांगायला बाहेर गेला. बाईंनी कागद हातात घेतला नाही. लांबूनच बघितला. भावाने मशीनकडचं काम सुरू केलं, खूप मोठ्याने, कारण नसताना.

बाई उठून माझ्या खुर्चीशी आल्या. पाठीमागून हळूच म्हणाल्या, "ताई, आनिक एक कारड करता का? त्यात श्रीच ऱ्हाऊ द्या त्यांचं. वाटायला न्हाई, कुनाला दाखवनार बी न्हाई."

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"उद्या दारात येऊन हुबं ऱ्हायले, आन् पोरीच्या लग्नाचं कारड बघू म्हनले, तर? ते कसं दाखवू त्यांला? मला मारून टाकलं व्हय म्हनतील."

मी 'नाही' पुसून 'हो' लिहिलं. त्याच पानावर श्री. आलं, सौ. आलं. मी ते जाड, चांगल्या कागदावर रंगीत छापायला लावलं. मागून भावाचा आवाज आला. त्याने अर्धवटच ऐकलं होतं आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, "मावशी, ह्या किती काढू?"

"एकच काढा," बाई म्हणाल्या. "येनारं मानूस एकच हाय."